चहाचा कप आणि ओंजळभर पाणी

हा भाग ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतो त्यांच्यासाठी त्याचं हे लिखित रूप. बोलताना जे अडखळलो, जे दोनदा बोललो ते काढून टाकलंय. बाकी बोली तीच ठेवलीये.

आजचा प्रश्न साधा आहे. माणूस वागतो तो स्वतःच्या मतांप्रमाणे, की आजूबाजूला कोण बसलंय ते बघून? आपल्याला सगळ्यांना वाटतं की आपण पहिल्या प्रकारातले आणि बाकीचे दुसऱ्या. आज आपल्याच इतिहासातले दोन प्रसंग घेऊ. एक पुण्यातला, १८९० सालचा. दुसरा महाडचा, १९२७ सालचा. पहिल्यात चहा आहे, दुसऱ्यात पाणी. शाळेच्या पुस्तकात यातला दुसरा असतो, पहिला बहुतेक नसतो. पण दोन्ही शेजारी ठेवून बघितले की एक गोष्ट दिसते, जी एकेकटा वाचताना सुटून जाते.

पंचहौद मिशनमधली संध्याकाळ

१४ ऑक्टोबर १८९०. पुण्यात पंचहौद मिशन नावाची ख्रिस्ती मिशनऱ्यांची संस्था होती. तिथे एका व्याख्यानाच्या निमित्ताने शहरातली नामवंत मंडळी जमली. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे होते, बाळ गंगाधर टिळक होते, तेव्हा जेमतेम चोवीस वर्षांचे गोपाळ कृष्ण गोखले होते. म्हणजे सुधारक होते आणि सुधारकांशी रोज भांडणारेही होते. हे सगळं जुळवून आणण्यात हात होता गोपाळराव जोशी यांचा. आनंदीबाई जोशी, म्हणजे अमेरिकेत जाऊन डॉक्टर झालेल्या आपल्या आनंदीबाई, त्यांचे हे पती. आनंदीबाई १८८७ मध्ये गेल्या. गोपाळराव हा भलताच वल्ली माणूस. लोकांना पेचात टाकायचं आणि मग काय होतं ते बघत बसायचं, ही त्यांची आवड.

व्याख्यान झालं आणि यजमानांनी चहा-बिस्किटं आणली.

आता त्या खोलीत स्वतःला बसवून बघा. समोर यजमान उभे आहेत, हातात कप दिलाय. ख्रिस्त्याच्या हातचा चहा घेणं म्हणजे तेव्हाच्या रूढीप्रमाणे बाटणं. पण 'नको' म्हणणं म्हणजे यजमानाच्या तोंडावर त्याला हलकं ठरवणं. शेजारी रानडे बसलेत, पलीकडे टिळक बसलेत. सगळे शिकलेले. अशा वेळी काय होतं? काहींनी चहा घेतला. काहींनी मान राखायला नुसता कप हातात घेतला. काहींनी तो तसाच बाजूला ठेवला. मंडळी घरी गेली.

इथे एक गोष्ट नीट बघायला हवी. ज्यांनी चहा घेतला त्यांनी काही बंड पुकारलं नव्हतं. त्या खोलीत चहा घेणं हेच सोपं होतं. खोलीतला दाब कपाच्या बाजूने होता. आपण नंतर असे प्रसंग वाचतो तेव्हा पिणाऱ्याला धीट आणि न पिणाऱ्याला भित्रा ठरवून मोकळे होतो. पण त्या संध्याकाळी कदाचित उलटंही असेल. सगळे घेतायत म्हणून कुणी घेतला असेल, आणि सगळे घेत असतानाही कप खाली ठेवायला कुणाला बळ लागलं असेल.

खोली बदलली

पुढे गोपाळरावांच्या करामतीने हजर असलेल्यांची नावं 'पुणे वैभव' या वर्तमानपत्रात छापून आली. चाळीस-पन्नास प्रतिष्ठित नावं, आणि शेजारी आरोप की यांनी मिशनऱ्यांचा चहा घेतला.

चहा तोच, माणसं तीच. पण आता बघणारे बदलले. खोलीत बघणारे होते यजमान आणि मित्र. आता बघत होतं अख्खं पुणं.

सनातनी मंडळींनी प्रकरण शंकराचार्यांच्या पीठाकडे नेलं. चौकशी बसली, शास्त्रीबुवा आले, कोण प्यायलं आणि कोण नाही याची छाननी झाली. याला तेव्हाचा शब्द आहे 'ग्रामण्य'. आजच्या भाषेत सामाजिक बहिष्कार म्हणू, पण ग्रामण्य हा शब्द जास्त नेमका आहे, कारण त्याची एक ठरलेली कार्यपद्धती होती. ती कशी चालायची बघा.

तुमची नोकरी कुणी काढून घेत नाही. तुम्हाला कुणी मारत नाही. फक्त तुमच्या घरी श्राद्धाला भिक्षुक येत नाही. मुंजीला, लग्नाला कुणी पौरोहित्य करत नाही. पंगतीला तुम्हाला बोलावत नाहीत, तुमच्या पंगतीला कुणी येत नाही. दिलेल्या लेकीला सासरचे माहेरी पाठवायला कचरतात. म्हणजे कप तुम्ही उचललात, पण किंमत मोजायची तुमच्या आईने, बायकोने, मुलीने. हायकोर्टाच्या न्यायाधीशपदापर्यंत पोचणाऱ्या माणसाला बाहेरून धक्का लावता येत नाही, म्हणून हा धक्का स्वयंपाकघरातून यायचा.

दुसरी गोष्ट म्हणजे हा दाब एकेकाला वेगळा गाठायचा. चाळीस-पन्नास जण एकत्र चहा प्यायले होते, पण प्रत्येकाची आई वेगळी, प्रत्येकाचे व्याही वेगळे, प्रत्येकाच्या घरच्या श्राद्धाची तिथी वेगळी. गट फुटला. कुणी आपण प्यायलोच नाही म्हणालं, कुणी प्रायश्चित्त घेऊन मोकळं झालं, काही अडून राहिले. टिळकांनी आपण काशीला प्रायश्चित्त घेतलंय असं सांगितलं, तरी त्यांनाही घरच्या कार्यांसाठी भिक्षुक मिळणं अवघड झालं.

आणि रानडे? रानड्यांनी बराच काळ काही केलं नाही. मग १८९२ मध्ये प्रायश्चित्त घेतलं. रमाबाई रानडे यांच्या 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' या पुस्तकात हा प्रसंग आहे. त्यातून दिसतं ते असं की रानड्यांना स्वतःसाठी प्रायश्चित्ताची काही गरज वाटत नव्हती. त्यांच्या एका मित्राची घरच्यांच्या दबावामुळे कोंडी झाली होती आणि तो म्हणत होता की रानडे घेतील तर मी घेईन. मित्राला सोडवायला रानडे पुढे झाले. त्यांच्या बाजूच्या सुधारकांना हे रुचलं नाही. खुद्द रमाबाईंनाही रुचलं नव्हतं.

हे त्यांच्या आयुष्यात पहिल्यांदा घडत नव्हतं. १८७३ मध्ये पहिली पत्नी गेल्यावर, विधवाविवाहाचा पुरस्कार करणाऱ्या रानड्यांनी वडिलांच्या आग्रहाखातर अकरा वर्षांच्या कुमारिकेशी लग्न केलं होतं. त्याच या रमाबाई. लेख लिहिताना, भाषण करताना रानडे ठाम होते. वडील समोर बसले की, मित्र समोर रडकुंडीला आला की, मत तेच राहायचं आणि वागणं बदलायचं.

सगळ्यांना वाटतं, बाकीच्यांना वाटतंय

मला पोटापाण्यासाठी कोड लिहावं लागतं, त्यामुळे मीटिंग नावाचा प्रकार रोजचाच. कुणीतरी विचारतं, 'शुक्रवारी रिलीज करतोय, कुणाला काही अडचण?' सगळे गप्प. मीटिंग संपते आणि चहाच्या टपरीवर तेच पाच जण म्हणतात, 'अरे, हे काही होणार नाही.' प्रत्येकाला अडचण दिसत होती. पण बाकीचे चार गप्प होते, म्हणून प्रत्येकाला वाटलं की शंका आपल्या एकट्यालाच आहे.

मानसशास्त्रात याला 'प्लुरलिस्टिक इग्नरन्स' म्हणतात. सोप्या मराठीत सांगायचं तर, प्रत्येकाला वाटतं की बाकीच्यांना पटलंय, म्हणून कुणीच बोलत नाही, आणि कुणी बोलत नाही म्हणून प्रत्येकाला वाटतं की बाकीच्यांना पटलंय. प्रोग्रामिंगवाल्यांना हे लूप ओळखीचं आहे. यातून आपोआप बाहेर पडायची सोय नसते.

१८९० च्या पुण्यात कपभर चहाने धर्म बुडतो असं मनापासून मानणारे किती होते हे मोजायला साधन नाही. पण ग्रामण्य चालायला तेवढ्या लोकांनी ते मानायची गरजच नव्हती. बाकीचे मानतात एवढं प्रत्येकाला वाटलं की पुरे. रानड्यांच्या घरी न जाणाऱ्या भिक्षुकालाही चहाचा राग असेलच असं नाही. आपण गेलो तर आपल्यावर बहिष्कार पडेल, ही भीती त्यालाही होतीच.

१९५१ च्या सुमारास अमेरिकेत सॉलोमन अ‍ॅश या मानसशास्त्रज्ञाने हे प्रयोगात पकडलं. एका कार्डावर एक रेघ, दुसऱ्यावर तीन. तीनातली कुठली पहिल्या रेघेएवढी आहे ते सांगायचं. लहान मूलही सांगेल इतकं सोपं. पण खोलीतले बाकीचे सगळे अ‍ॅशचेच लोक, आणि ते ठरवून एकसुरात चूक उत्तर द्यायचे. अशा वेळी खऱ्या उमेदवारांची सुमारे ३७ टक्के उत्तरं गटाबरोबर चुकली. पाऊणएक लोक निदान एकदा तरी वाहवत गेले.

पण माझ्या मते त्या प्रयोगाचा मोलाचा भाग पुढे आहे, आणि तो कमी सांगितला जातो. अ‍ॅशने त्या गटातल्या फक्त एका माणसाला बरोबर उत्तर द्यायला सांगितलं. एकच साथीदार. तेवढ्याने चुकीच्या उत्तरांचं प्रमाण जवळपास चौथ्या हिश्श्यावर आलं. उमेदवाराला मोठ्याने बोलण्याऐवजी कागदावर उत्तर लिहायला दिलं, तेव्हाही चुका खूप कमी झाल्या. म्हणजे डोळ्यांना रेघ बहुतेक वेळा बरोबरच दिसत होती. अडचण होती ती एकट्याने, सगळ्यांदेखत बोलण्याची.

आता हे डोक्यात ठेवून महाडला जाऊ.

तीन वर्षं ठराव होता, पाणी नव्हतं

४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदेमंडळात सीताराम केशव बोले यांचा ठराव संमत झाला. सरकारी पैशाने बांधलेल्या किंवा सरकारी व्यवस्थेखालच्या विहिरी, तळी, धर्मशाळा, शाळा अस्पृश्य मानल्या गेलेल्यांना खुल्या कराव्यात, असा तो ठराव. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेनेही चवदार तळं सगळ्यांना खुलं असल्याचा ठराव केला. कागदावर काम झालं.

तळ्यावर मात्र काहीच झालं नाही. तीन वर्षं कुणी अस्पृश्य माणूस तिथे पाणी प्यायला नाही. परधर्माच्या माणसांना तिथे मज्जाव नव्हता, जनावरांनाही नव्हता. मज्जाव फक्त यांना.

का नाही प्यायलं कुणी? तहान नव्हती असं तर नाही. कारण जो पहिला जाईल तो एकटा असेल. त्याचं घर गावाबाहेर, त्याचं काम गावातल्यांच्या शेतावर, त्याचं धान्य गावातल्या दुकानातून. पुण्यातल्या ग्रामण्यात भिक्षुक येत नसे. इथे पोटाचं आणि जिवाचं होतं. हा फरक कधीही विसरायचा नाही, नाहीतर दोन्ही प्रसंग एकाच तागडीत टाकल्यासारखं होईल.

आणि ठराव करणाऱ्या सभासदांचं काय? त्यांची मतं उदार होती का? इथे मला १९३० च्या दशकातला आणखी एक अभ्यास आठवतो. रिचर्ड ला पिएर हा समाजशास्त्रज्ञ एका चिनी जोडप्याला घेऊन अमेरिकाभर फिरला. तेव्हा तिथे चिन्यांविषयी उघड द्वेष होता. २५१ हॉटेलं आणि खाणावळींपैकी फक्त एका ठिकाणी त्यांना नकार मिळाला. नंतर त्याने त्याच ठिकाणांना पत्र पाठवून विचारलं की तुम्ही चिनी गिऱ्हाईक घ्याल का? ज्यांनी उत्तर दिलं त्यातल्या ९० टक्क्यांहून जास्त लोकांनी 'नाही' लिहिलं. कागदावर नाही, दारात आल्यावर या.

महाडला याच्या बरोब्बर उलट झालं. कागदावर या, काठावर नाही. दोन्हीकडे धडा एकच: कागदावरचं मत आणि समोरचं वागणं ही दोन वेगळ्या खोल्यांत घडणारी कामं आहेत.

२० मार्च १९२७

१९ आणि २० मार्चला महाडमध्ये कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर अध्यक्ष. आलेल्या माणसांसाठी पाणीसुद्धा सवर्णांकडून चाळीस रुपयांचं विकत घ्यावं लागलं होतं. तळं भरलेलं, जवळ, आणि कागदावर खुलं.

दुसऱ्या दिवशी अनंतराव चित्रे यांनी सुचवलं की आता इथूनच तळ्यावर जाऊ. मिरवणूक निघाली. गावातल्या रस्त्यांवरून, रांगेने, शांतपणे, हजारांहून जास्त माणसं. बाबासाहेबांनी पहिली ओंजळ घेतली, मग बाकीच्यांनी.

तीन वर्षांत जे एकालाही जमलं नाही ते एका दुपारी एवढ्या माणसांना जमलं. त्यांची मतं का एका रात्रीत बदलली? नाही. पाण्यावर आपला हक्क आहे हे त्यांना आधीही ठाऊक होतं. बदललं ते हे की आता प्रत्येकाला डावीकडे आणि उजवीकडे आपल्यासारखाच माणूस चालताना दिसत होता. शिवाय सोबत चित्रे होते, नगरपालिकेतले सुरबानाना टिपणीस होते, गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे होते. म्हणजे पलीकडच्या बाजूचा एकसुरही फुटला होता. अ‍ॅशच्या प्रयोगातला तो एक साथीदार आठवा.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. थोड्याच वेळात गावात अफवा पसरली की आता हे वीरेश्वराच्या देवळात शिरणार. जमाव लाठ्या घेऊन आला, जेवत असलेल्या, घरी निघालेल्या माणसांना मारहाण झाली, काहींनी मुसलमानांच्या घरांत आसरा घेतला. मारणारे कोण होते? रोजचे दुकानदार, रोजचे गावकरी. गर्दीचा आधार त्यांनाही मिळाला होता. म्हणून 'एकत्र या' एवढंच सांगून भागत नाही, कशासाठी एकत्र येताय हेही सांगावं लागतं. बाबासाहेबांनी आपल्या माणसांना हात उचलू दिला नाही, हे त्या दिवसाचं दुसरं मोठं काम.

नंतर सनातन्यांनी दही, दूध, शेण, गोमूत्राच्या १०८ घागरी ओतून तळं 'शुद्ध' केलं. आणि ४ ऑगस्ट १९२७ ला, म्हणजे बोले ठरावाला बरोबर चार वर्षं झाली त्या दिवशी, महाड नगरपालिकेने आपलाच १९२४ चा ठराव मागे घेतला. ठराव फुकट होता तोवर उदार राहायला कुणाचं काही जात नव्हतं. खरंच पाणी प्यायलं गेलं तेव्हा त्याची किंमत समोर आली.

डिसेंबरमध्ये पुन्हा परिषद भरली. २५ डिसेंबरला मनुस्मृतीचं दहन झालं. तळ्याचा सत्याग्रह मात्र कोर्टाच्या मनाईमुळे थांबवावा लागला, आणि दावा चालत राहिला तो थेट १७ मार्च १९३७ पर्यंत, जेव्हा मुंबई हायकोर्टाने अस्पृश्यांच्या बाजूने निकाल दिला. ओंजळीला काही क्षण लागले, कागदाला दहा वर्षं.

त्याच डिसेंबरमधली एक छोटी गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. बाबासाहेबांनी परिषदेला आलेल्या बायकांना सांगितलं की जातीची खूण पटवणारी लुगडं नेसण्याची पद्धत सोडा, इतर बायका नेसतात तसं नेसा. दुसऱ्या दिवशी अनेकजणी तशा नेसून आल्या. पिढ्यान् पिढ्यांची सवय एका रात्रीत गेली. गावात एकटीने तसं नेसली असती तर पाणवठ्यावरच तिला टोमणे आणि मार मिळाला असता. इथे सगळ्याजणी मिळून नेसल्या, म्हणून जमलं.

मग रानडे भित्रे होते का?

इथे कुणी म्हणेल, एवढं काय, रानडे मऊ होते आणि आंबेडकर पोलादी. स्वभावाचा भाग आहेच, नाकारत नाही. परिस्थितीने सगळं ठरतं असं म्हटलं तर कुणालाच जाब विचारता येणार नाही, आणि महाडला लाठी चालवणाऱ्यालाही 'परिस्थितीच तशी होती' म्हणून सोडून द्यावं लागेल. तसं मला म्हणायचं नाही.

मला म्हणायचंय ते हे, की परिस्थिती म्हणजे पाऊस नव्हे. ती कुणीतरी मांडलेली असते. पंचहौदची खोली गोपाळरावांनी मांडली, गंमत बघायला. ग्रामण्याची चौकट सनातन्यांनी मांडली होती, आणि माणसाला एकटं पाडणं हेच तिचं काम होतं. पुण्याची चाळीस-पन्नास मोठी माणसं त्या चौकटीत शिरली आणि सुटी झाली. 'हो, आम्ही सगळे प्यायलो, आता एकमेकांच्या घरची कार्यं आम्हीच करू' असं म्हणायला ती संख्या कमी नव्हती. पण तशी चौकट कुणी मांडलीच नाही.

महाडला ती मांडली गेली. गावोगाव फिरून माणसं जमवली, परिषद भरवली, पलीकडच्या समाजातले साथीदार जोडले, आणि मग सगळ्यांनी मिळून पाऊल टाकलं. धैर्य प्रत्येकात थोडं थोडं होतंच. ते एका जागी आणायची व्यवस्था आधी झाली.

म्हणून पुढच्या वेळी सोसायटीच्या सभेत भाडेकरूच्या जातीवरून कुणी काही बोललं, लग्नात हुंड्याचा विषय 'प्रेमाने' निघाला, आणि तुम्हाला ते खटकलं, तर सगळ्यांसमोर एकट्याने भांडायच्या आधी एक करून बघा. शेजारच्याला हळूच विचारा, 'तुला पटलं का रे हे?' बऱ्याचदा उत्तर 'नाही' असतं. मग तुम्ही दोघं होता. अ‍ॅशच्या खोलीत तेवढ्याने पुष्कळ फरक पडला होता.

तुमच्या घरात, गावात ग्रामण्याच्या किंवा ते मोडल्याच्या आठवणी कुणी सांगितल्या असतील तर जरूर लिहून पाठवा. आजीआजोबांना विचारा, या गोष्टी पुस्तकांपेक्षा त्यांच्याकडे जास्त आहेत. भेटू पुढच्या भागात.